ग्रहविज्ञान आणि नगर जिल्ह्याचा पदवीधर

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे ‘स्कियापारेली’ हे यान मंगळाच्या वातावरणात शिरले. उतरताना त्याने सोडलेले क्षीण संदेश पृथ्वीवर जेथे टिपले गेले ते ठिकाण अमेरिकेत वा युरोपात नव्हते. ते होते पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळचे खोडद. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची तेथील महाकाय रेडिओ दुर्बीण त्या दिवशी मंगळाकडे कान लावून बसली होती. उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात संदेश एकाएकी थांबला आणि यान आदळून नष्ट झाल्याचे नंतर निष्पन्न झाले. मंगळावरील त्या अपघाताची पहिली चाहूल अशा रीतीने आपल्याच शेताशिवारांत उभ्या असलेल्या यंत्रांना लागली.

खोडद ज्या जुन्नर तालुक्यात आहे त्याला नगर जिल्ह्याची सीमा लागून आहे. २०२४ मध्ये अहमदनगरचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. बोलण्यात मात्र ते अजून नगरच आहे, आणि क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा हा त्याचा लौकिकही कायम आहे. या जिल्ह्याच्या चौदा तालुक्यांतून दरवर्षी विज्ञानाचे पदवीधर मोठ्या संख्येने बाहेर पडतात. त्यांतील किती जणांना खोडदची दुर्बीण ही केवळ सहलीला जाऊन पाहण्याची वस्तू नसून तेथे आपणही उन्हाळ्याचे दोन महिने काम शिकू शकतो हे ठाऊक असते? आणि ठाऊक असले तरी त्यांतील किती जणांना तेथवर पोहोचण्याची पायरी सापडते? प्रश्न एका दुर्बिणीचा नाही. ग्रहविज्ञान आणि खगोलजीवशास्त्र या दोन नव्या शाखांत भारत येत्या काही वर्षांत मोठी पावले टाकणार आहे. त्या कामाला लागणारी माणसे कोठून यायची आणि त्यांत आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांतून शिकलेल्यांना जागा असणार की नाही, हा तो प्रश्न आहे.

चांद्रयानानंतरचे काम

ग्रह म्हटले की अजूनही पत्रिका आठवणाऱ्या समाजात प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की ग्रहविज्ञान म्हणजे ग्रह, उपग्रह, लघुग्रह, धूमकेतू आणि उल्का यांची घडण कशी झाली, ते कशाचे बनले आहेत आणि त्यांचा इतिहास काय, याचा अभ्यास. खगोलजीवशास्त्र त्याच्या पुढचा प्रश्न विचारते: पृथ्वीवर जीवसृष्टी कशी निर्माण झाली, ती किती टोकाच्या परिस्थितीत तगून राहते आणि अन्यत्र तशी परिस्थिती कधी होती काय? या दोन्ही शाखांचे वैशिष्ट्य असे की त्या कोणा एका विषयाच्या मालकीच्या नाहीत. भौतिकी, रसायन, भूविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र आणि गणित या पाचांनाही तेथे समान मान आहे.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले तेव्हा गावोगाव पेढे वाटले गेले. त्यानंतर काय झाले याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. ‘प्रज्ञान’ हे फिरते यान चंद्रावर सुमारे शंभर मीटर चालले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने बनविलेल्या उपकरणाने त्या वाटेवर २३ ठिकाणी मातीतील मूलद्रव्ये मोजली. त्यावरून चंद्राचा पृष्ठभाग एके काळी वितळलेल्या खडकाच्या महासागराने व्यापलेला होता या कल्पनेला पुष्टी मिळाली आणि तो निष्कर्ष ऑगस्ट २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. यान उतरविणे हा पराक्रम होता, यात शंका नाही. परंतु ते यान ज्यासाठी गेले ते काम या वर्षभराच्या, प्रसिद्धीविना चाललेल्या अभ्यासाने पार पाडले.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दोन मोहिमांना मंजुरी दिली. चंद्रावरची माती आणि खडे पृथ्वीवर आणणाऱ्या चांद्रयान-४ साठी २,१०४ कोटी रुपये आणि शुक्राभोवती फिरणाऱ्या यानासाठी १,२३६ कोटी रुपये. शुक्रयान मार्च २०२८ मध्ये सोडण्याचे योजिले आहे. चंद्रावरचे खडे खरोखरच आपल्या हाती आले तर त्यांचे पातळ काप काढणारे, त्यांतील खनिजे ओळखणारे, त्यांचे वय ठरविणारे आणि पृथ्वीवरच्या जंतूंचा त्यांना स्पर्श होऊ न देणारे लोक लागतील. असे लोक जाहिरात देऊन सहा महिन्यांत तयार होत नाहीत. आज जो विद्यार्थी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला आज सुरुवात करून दिली तर आणखी आठ-दहा वर्षांनी तो या कामाला उपयोगी पडेल.

पुण्यातील एक धडा

या क्षेत्रात मराठी मुलखाचे काम नवे नाही. पुण्याची आयुका ही संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली आणि तिचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांनी मे २०२५ मध्ये जगाचा निरोप घेईपर्यंत विज्ञान सामान्य वाचकापर्यंत नेण्याचे व्रत सोडले नाही. त्यांच्याच प्रेरणेने २००१ व २००५ मध्ये हैदराबादहून मोठे फुगे सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने आणले गेले. जीवनाची बीजे अवकाशातून पृथ्वीवर येत असतील काय, हे पाहण्याचा तो उद्देश होता. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात आणि हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रात त्या नमुन्यांची तपासणी झाली आणि २००९ मध्ये जीवाणूंच्या तीन नव्या जाती जाहीर करण्यात आल्या. त्यांतील एकीला फ्रेड हॉइल यांचे, एकीला इस्रोचे आणि एकीला आर्यभटाचे नाव देण्यात आले.

या कथेचा उत्तरार्ध तरुण अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. आर्यभटाचे नाव लाभलेला जीवाणू पुढे वेगवेगळ्या देशांतील मातीत आणि पिकांच्या मुळांभोवतीही सापडला. म्हणजे आकाशात सापडलेला प्रवासी मूळचा आपल्या जमिनीचाच रहिवासी असण्याची शक्यता बळावली. यात प्रयोगाची नामुष्की नाही. उलट, या शास्त्रात प्रशिक्षण म्हणजे काय, याचे इतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. फुगा उडविण्यासाठी अभियंता हवा, नमुना निर्जंतुक राखण्यासाठी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हवा, वाऱ्याबरोबर जमिनीवरचे कण किती उंच जातात हे सांगण्यासाठी वातावरणाचा जाणकार हवा, आणि या सर्वांहून अधिक, आपल्याच आवडत्या कल्पनेवर शंका घेण्याची शिस्त हवी. ती शिस्त एकट्याने पुस्तक वाचून येत नाही. ती चांगल्या प्रयोगशाळेत, जाणत्या माणसाच्या नजरेखाली, चुका करीतच अंगी बाणते.

पायाखालची पाठ्यपुस्तके

नगर जिल्ह्यातील विद्यार्थ्याला वाटते की ग्रहांचा अभ्यास म्हणजे कोठे तरी दूर, महागड्या यंत्रांच्या सहवासात करण्याची गोष्ट. वस्तुतः त्याच्या पायाखाली जे आहे ते पाहण्यासाठी परदेशातील अभ्यासकांना विमानाने यावे लागते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. अकोले तालुक्यातील १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हे त्या थरांचे उघडे पडलेले काप आहेत. चंद्रावरचे जे काळसर डाग आपण पौर्णिमेला पाहतो ते अशाच बेसाल्टचे आहेत; मंगळाचा फार मोठा भागही बेसाल्टचाच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर जगभरच्या ग्रहशास्त्रज्ञांना प्रिय आहे ते याचसाठी की ते बेसाल्टमध्ये घडले असून अशी विवरे पृथ्वीवर बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

या बेसाल्टची झीज होऊन आपली काळी माती झाली. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती ज्या चिकणखनिजांमुळे तशी वागते, त्याच कुळातील खनिजे २००५ मध्ये युरोपच्या ‘मार्स एक्स्प्रेस’ यानाला मंगळावर आढळली. त्यांचा अर्थ असा की तेथे एके काळी पाणी दीर्घकाळ खडकाच्या संगतीत होते. मंगळावर जीवसृष्टीच्या खुणा शोधायच्या त्या चिकणमातीच्या थरांत, असे शास्त्रज्ञ मानतात ते यामुळेच. राहुरीच्या खाणींतून निघणारी अपोफिलाइट, स्टिल्बाइट यांसारखी स्फटिकरूप खनिजे जगातील संग्राहकांच्या कपाटांत जाऊन बसली आहेत. तीही खडकातून पाणी झिरपल्याचीच साक्ष देतात. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे म्हणजे पाणी आणि दगडगोटे मिळून खडक कसा कोरतात याचा उघड्यावर मांडलेला पाठ आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांखालील उसाच्या पट्ट्यात अतिपाण्याने जमिनी खारवट आणि चोपण झाल्या, हे या जिल्ह्याचे जुने दुखणे आहे. खगोलजीवशास्त्रज्ञ ज्या जीवांचा शोध घेत जगभर हिंडतात ते नेमके अतिक्षारात, अतिअल्कतेत तगणारे जीव होत. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते अशाच क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे झाल्याचे दाखविले. म्हणजे मंगळावरच्या खाऱ्या मातीचा विचार करायला शिकलेला विद्यार्थी राहात्याच्या नापीक जमिनीचाही विचार करू शकतो. ही दोन ज्ञाने वेगळी नाहीत.

पायऱ्या आहेत, जिना नाही

आता संधींचा विचार करू. त्या नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. नववीतल्या मुलांसाठी इस्रोचा ‘युविका’ हा सुमारे दोन आठवड्यांचा निवासी वर्ग २०१९ पासून सुरू झाला आणि त्यात ग्रामीण शाळांना झुकते माप आहे. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र खगोलशास्त्राची ऑलिंपियाड स्पर्धा चालविते. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधनवृत्ती आहे; आयुका आणि खोडदची दुर्बीण चालविणारे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र यांचे पाहुण्या विद्यार्थ्यांसाठीचे कार्यक्रम आहेत. अहमदाबादची प्रयोगशाळा उन्हाळी प्रशिक्षण देते, आणि तेथे २०२० पासून भरू लागलेली भारतीय ग्रहविज्ञान परिषद ही नवोदितांना आपले काम मांडण्याची जागा आहे. इस्रोने २०२३ मध्ये सुरू केलेला ‘स्टार्ट’ हा वर्ग पदवीच्या अंतिम वर्षाच्या व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अवकाशविज्ञानाची तोंडओळख करून देतो. तो महाविद्यालयांत नोंदलेल्या केंद्रांमार्फत चालतो. एम.एस्सी.नंतर नेट, गेट, जेस्ट या परीक्षांच्या गुणांवर संशोधन संस्थांत प्रवेश मिळतो आणि कनिष्ठ संशोधकाला १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये विद्यावेतन आहे. चांद्रयान आणि मंगळयान यांनी पाठविलेली माहिती इस्रोने सर्वांना खुली केली आहे. ती पाहण्यासाठी संगणक आणि चिकाटी यांपलीकडे काही लागत नाही.

परदेशाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्याबाबत गैरसमज फार आहेत. नासातील विद्यार्थ्यांसाठीच्या बहुतेक प्रशिक्षण जागा अमेरिकी नागरिकांनाच असतात. डॉक्टरेटनंतरच्या तिच्या संशोधनवृत्तीसाठी मात्र परदेशी उमेदवारांचेही अर्ज घेतले जात आले आहेत. शाळकरी मुलांना नासा दाखविणे ही स्तुत्य गोष्ट आहे. पुणे जिल्हा परिषदेने २०२५ मध्ये आयुकाच्या साहाय्याने आपल्या शाळांतील मुले निवडून तसा उपक्रम केला. परंतु भेट म्हणजे प्रशिक्षण नव्हे. भेटीने मनात ठिणगी पडते. ती तेवत ठेवायला पुढे दहा वर्षे तेल घालावे लागते. हजारो रुपये घेऊन गुळगुळीत प्रमाणपत्र देणारे जे वर्ग निघाले आहेत ते ना ठिणगी देतात ना तेल. पालकांनी त्यांपासून सावध राहिलेले बरे.

इतक्या पायऱ्या असूनही तालुक्याचा विद्यार्थी वर का चढत नाही? कारण या पायऱ्या सुट्या पडलेल्या आहेत. त्यांचा जिना कोणी बांधलेला नाही. तो तीन ठिकाणी तुटलेला दिसतो.

पहिली तूट माहितीची आणि भाषेची. उन्हाळी कार्यक्रमांचे अर्ज हिवाळ्यात भरावे लागतात. त्यासाठी इंग्रजीत दोन पानांचे निवेदन आणि प्राध्यापकांचे शिफारसपत्र लागते. शहरातल्या मुलाला हे घरात किंवा वर्गात सहज कळते. जामखेड-कर्जतच्या मुलाला कळते तेव्हा मुदत उलटून गेलेली असते. गुणवत्ता दोघांचीही सारखी असू शकते. ओळख सारखी नसते.

दुसरी तूट विषयांच्या भिंतींची. ज्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र चांगले शिकवितात तेथे भूविज्ञान नसते. जेथे भौतिकीची प्रयोगशाळा बरी असते तेथील विद्यार्थ्याने खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली कधी पाहिलेला नसतो. पाच विषयांच्या संगमावर उभ्या असलेल्या शास्त्रात एका विषयाच्या खोलीत कोंडलेल्या विद्यार्थ्याचा निभाव लागणे कठीण.

तिसरी तूट सर्वांत वरची आणि सर्वांत क्रूर. पीएच.डी. पूर्ण होईपर्यंत माणूस तिशीला आलेला असतो. त्यानंतर दोन वर्षे एका संस्थेत, तीन वर्षे दुसऱ्या देशात, असे हिंडत राहणे हा या क्षेत्राचा जगभरचा प्रघात आहे. ‘इन्स्पायर फॅकल्टी’सारख्या पाच वर्षांच्या वृत्ती आहेत, पण त्या मोजक्यांच्या वाट्याला येतात. विद्यावेतन महिनोन् महिने रखडल्याच्या तक्रारी तरुण संशोधक वारंवार करतात. इकडे राज्यातील अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आणि त्याच वर्गांवर नेट-सेट झालेले तरुण तासिका तत्त्वावर, तासाच्या हिशेबाने, शिकवीत आहेत. ज्या घराने कांद्याच्या पट्टीतून आणि दुधाच्या पगारातून मुलीला एम.एस्सी.पर्यंत शिकविले, ते घर तिला “आणखी दहा वर्षे थांब” असे कोणत्या तोंडाने सांगणार? ती स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जाऊन बसते. तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

ही चैन नव्हे काय?

येथे दोन आक्षेप उभे राहतात आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा की, ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात तेथे शुक्र-मंगळाच्या गोष्टी करणे ही चैन आहे. याचे उत्तर वर अंशतः आलेच आहे. खनिज ओळखणे, माती-पाण्याचे पृथक्करण करणे, उपग्रहाने टिपलेल्या चित्रांचा अर्थ लावणे, सूक्ष्मजीव वाढविणे आणि त्यांची जनुकीय ओळख पटविणे ही ग्रहविज्ञानाची हत्यारे आहेत. तीच भूजल शोधण्याची, जमीन सुधारण्याची आणि पिकांच्या रोगांची हत्यारे आहेत. ज्याला मंगळावरची नदी वाचता येते त्याला सीना नदीही वाचता येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जेथे कायम जागा थोड्या, तेथे तरुणांना ओढून नेणे ही फसवणूक नव्हे काय? ती फसवणूक होईल, जर आपण त्यांना खोटे सांगू. ‘खगोलजीवशास्त्रज्ञ’ अशा नावाची नोकरी आपल्याकडे जवळजवळ नाही, हे पहिल्या दिवशीच सांगितले पाहिजे. म्हणून शहाणपणाची वाट अशी की भूविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, भौतिकी वा रसायन यांपैकी एका विषयात पक्के व्हावे आणि दुसऱ्यात कामापुरते पाय रोवावेत. असा माणूस ग्रहांच्या अभ्यासात टिकला तर उत्तमच. नाही टिकला तर भूजल सर्वेक्षणात, खाणकामात, औषधनिर्मितीत, माहितीच्या विश्लेषणात किंवा चांगला शिक्षक म्हणून उभा राहू शकतो. चांगल्या प्रशिक्षणाची हीच कसोटी आहे की ते विद्यार्थ्याला एकाच दारापुढे ताटकळत ठेवत नाही.

सहकाराचा जुना मंत्र

मग करावे काय? या जिल्ह्याने देशाला जी गोष्ट शिकविली तिचाच अवलंब करावा. १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. एकेकट्या शेतकऱ्याला जे यंत्र कधीच घेता आले नसते ते अनेकांनी भाग काढून उभे केले. आज नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव आणि लोणी येथील महाविद्यालये स्वतंत्रपणे ग्रहविज्ञानाचा विभाग काढू शकणार नाहीत, काढूही नये. परंतु ती आपापले विभाग एकत्र जोडू शकतात. एकाने सूक्ष्मजीवांची प्रयोगशाळा द्यावी, दुसऱ्याने भौतिकीची, तिसऱ्याने संगणक. खडक कापण्याचे यंत्र आणि चांगला सूक्ष्मदर्शक सर्वांनी मिळून एकच घ्यावा. मातीच्या शास्त्रात ज्याचा अधिकार मोठा, ते १९६८ मध्ये स्थापन झालेले राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ या मंडळीत असलेच पाहिजे. जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा मूग व मेथी रुजविण्याचा प्रयोग त्यांच्याबरोबर गेला होता. धारवाडला जे साधले ते राहुरीला का साधू नये?

दुसरे उदाहरण तामिळनाडूचे. चांद्रयान-२ च्या चाचण्यांसाठी चंद्रासारखी माती हवी होती. ती नामक्कल जिल्ह्यातील सितमपुंडी परिसराच्या खडकापासून तयार करण्यात आली आणि त्या कामात सालेमच्या पेरियार विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाचा हात होता. तो विभाग कोणा महानगरातील नामवंत संस्थेचा नव्हता. त्याच्या अंगणात योग्य दगड होता आणि तो दगड ओळखणारी माणसे होती. आपल्या अंगणातही दगड आहे.

या सहकारातून एक वर्षाचा जोडअभ्यासक्रम निघावा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मुख्य विषयाबरोबर दुसरा विषय घेण्याची जी मुभा दिली आहे तिचा खरा उपयोग येथे होईल. निघोज, हरिश्चंद्रगड, राहुरीच्या खाणी आणि लोणार ही त्याची क्षेत्रस्थाने व्हावीत. यांतील किमान एका महाविद्यालयाने ‘स्टार्ट’चे केंद्र म्हणून नाव नोंदवावे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात इस्रोच्या सहकार्याने चालणारा अवकाश तंत्रज्ञान कक्ष आहे; संलग्न महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी त्याचे दार ठोठावावे. सर्व संधींच्या तारखा देणारे मराठी पत्रक दरवर्षी दिवाळीपूर्वी प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर लागावे. आणि निवड झालेल्या मुलाला पुणे, अहमदाबाद वा बंगळूरला जाण्या-राहण्यासाठी लागणारे काही हजार रुपये जिल्ह्यातील कारखान्यांनी, बँकांनी आणि पतसंस्थांनी द्यावेत. सत्काराच्या फेट्या-शालींवर जो खर्च होतो त्याच्या अल्पांशात हे भागेल.

राज्य आणि केंद्र शासनाकडून दोनच अपेक्षा आहेत. विद्यावेतन पगाराप्रमाणे ठरलेल्या तारखेला मिळावे, ही पहिली. यासाठी नवे धोरण नको, चोख कारभार हवा. दुसरी अशी की, डॉक्टरेट झालेल्या तरुणांसाठी जिल्ह्याच्या महाविद्यालयांत पाच वर्षांची शिक्षक-संशोधक पदे निर्माण व्हावीत: अर्धा वेळ अध्यापन आणि अर्धा वेळ एखाद्या मोठ्या संस्थेशी जोडलेले संशोधन. त्यामुळे पीएच.डी.नंतरच्या त्या अधांतरी वर्षांत त्याला जमीन मिळेल आणि विद्यार्थ्यांना आपल्याच वर्गात, आपल्याच बोलीत बोलणारा संशोधक दिसेल. शिफारसपत्र कोणाचे आणावे, हा प्रश्न मग उरणार नाही.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदला विज्ञानप्रदर्शन भरत आले आहे आणि आसपासच्या शाळा-महाविद्यालयांची मुले त्या पांढऱ्या अँटेनांखाली गर्दी करतात. संध्याकाळी ती आपापल्या गाड्यांत बसून परत जातात. त्यांतल्या एखाद्या मुलीने परतीच्या वाटेवर आपल्या सरांना विचारले, “सर, इथे काम करायचे तर काय शिकावे लागते?” तर सरांजवळ नेमके उत्तर असले पाहिजे: कोणता विषय, कोणता अर्ज, कोणती तारीख, भाड्याचे पैसे कोठून. आज ते उत्तर बहुतेकांजवळ नाही. ते तयार करण्यासाठी चंद्रावर जाण्याची गरज नाही. नगर, संगमनेर आणि राहुरी येथील मंडळी एका टेबलाभोवती बसली तरी पुरेसे आहे.